टिटवीची अंगाई, ट्रॅक दुसरा

एका जंगलात, बाळांनो, घरटं मिळायचं, पण पाळणाघर मिळायचं नाही. पाळणाघर एकच. ते सारसबाई चालवायच्या आणि प्रवेशासाठी आईच्या आवाजातली अंगाई रेकॉर्ड करून मागायच्या.

टिटवीलाही तिथे प्रवेश हवा होता. तिचा आवाज कसा, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिचं पिल्लू ठिपकू उघड्या माळावर, वर घारी. ती किडे शोधायला गेली की त्याच्यापाशी कुणी नसायचं. प्रवेश हुकला तर? टिटवी या 'तर'वरच जगायची.

सगळ्या आया जायच्या तिथे तीही गेली, लॅपटॉपवाल्या सुतारपक्ष्याकडे. त्यानं तिची अंगाई एका ट्रॅकवर घेतली, वर गोडवा चढवला, थरथर पुसली.

"ही मी आहे?"

"सगळ्या हेच विचारतात, वहिनी. आता पहिल्या ट्रॅकमधून बाहेर पडणारा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा, की गोडवा पक्का. दुसऱ्याचं इनपुट माइकवर आहे, ते पहिल्या ट्रॅकवर आणा आणि लाल बटण दाबा. मी आलोच, सुगरणताई थांबल्यात."

टिटवीनं हेडफोन घातला. इनपुट बदलणार, इतक्यात ठिपकूनं तोंडात खडा घातला. त्या गडबडीत इनपुट माइकवरच राहिलं आणि लाल बटण तेवढं दाबलं गेलं. कानात गोड अंगाई वाजत होती. तीच रेकॉर्ड होतेय असं समजून ती बिनघोर बडबडत बसली.

"ठिपक्या, थुंक तो खडा. थुंक म्हणते ना. मला मेलीला काही म्हणजे काही जमत नाही बघ. ये, पंखाखाली ये."

प्रवेशाच्या परीक्षेच्या सकाळी सारसबाईंनी पिल्लांना ओळीत बसवलं आणि एकेक अंगाई लावली. ज्याची आई, त्यानं पुढे यायचं.

एकोणीस अंगाया वाजल्या. सगळ्या गोड, सगळ्या एकाच आवाजातल्या. एकही पिल्लू हललं नाही.

विसावी लागली. "ठिपक्या, थुंक तो खडा..."

टिटवीनं मान पंखात खुपसली. ठिपकूनं तोंडातला खडा थुंकला आणि तुरुतुरु पुढे गेला.

प्रवेश त्या एकालाच मिळाला. बाकीच्यांना पुढच्या खेपेला या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्ष्याच्या झाडाखाली आयांची रांग लागली. प्रत्येकीला आवाजावर टिटवीसारखी काळजी चढवून हवी होती. रांगेच्या शेवटी खुद्द टिटवी उभी.

"वहिनी, तुम्हाला कशाला?"

"पुढच्या अंड्याच्या वेळी मला तसं जमलं नाही तर?"

तात्पर्य : मुलांनो, आईचा खरा आवाज हजारांत ओळखू येतो. म्हणूनच तो चांगल्या सुतारपक्ष्याकडून करून घ्यावा.