अर्धी बंदूक अस्सल

अस्सल बेल्जियन बंदूक आणि तिची चिनी नक्कल यांतला फरक आपण डोळे मिटून सांगू, असं ओरेस्ट पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी रोज सांगायचा. अस्सलचं लाकूड अक्रोडाचं, नकलेचं नुसतं रंगवलेलं. अस्सलचा सांधा बसला की बसला, नकलेचा खुळखुळ्यासारखा वाजणार. ऐकणारे मुकाट मान डोलवायचे, कारण मध्येच कुणी बोललं तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

त्याला हे माहीत असायचं कारण होतं. वडिलांची छोटी, पॉइंट बावीस बोअरची अस्सल बेल्जियन बंदूक मधोमध पिरगाळली की दोन तुकडे होऊन पिशवीत मावायची. म्हाताऱ्याने जाताना नळी थोरल्या ओरेस्टला दिली आणि दस्ता धाकट्या बोहदानला. निदान रानकोंबड्यांच्या शिकारीच्या मोसमात तरी पोरं एकत्र येतील, हा त्याचा हिशोब. पोरं बापाच्या वरताण निघाली. कुणाचा अर्धा आधी कुणाच्या घरी जाणार, यावरून असं वाजलं की दोघांनी एकेक चिनी नक्कल विकत घेतली, तिचा हवा तो अर्धा आपापल्या अर्ध्याला जोडला आणि एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. शेतं एकाच रस्त्यावर होती.

ओरेस्टचा नेम चुकला की तो म्हणायचा, "नळी सोन्यासारखी आहे हो. पण मागे चिनी लाकूड. खरा दस्ता त्या हट्टी माणसाने दाबून ठेवलाय ना." नेम नेहमीच चुकायचा.

कापणीच्या दिवसांत बोहदान ट्रॅक्टरवर बसल्याबसल्याच गेला. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ओरेस्ट कोपऱ्यात बटाट्याचं सारण भरलेली पिरोही चिवडत बसला होता. बोहदानची बायको मारुस्या आली आणि तिने टॉवेलात गुंडाळलेला दस्ता त्याच्यापुढे ठेवला.

"भावजी, हे तुमचं."

"त्याने द्यायला सांगितलं होतं?"

"तो सांगणाऱ्यातला होता का? तुम्ही तरी आहात का?"

ओरेस्टने बशी बाजूला सारली. तो उठून ट्रकमधली नळी घेऊन आला. हातात बशा घेतलेले लोक मागोमाग बाहेर आले. त्याने नळी दस्त्यात घातली, पाव फेरा पिरगाळली. खट्. जरासुद्धा हलेना.

"बघितलंत? याला म्हणतात अस्सल," तो म्हणाला.

"मग चला," मारुस्या म्हणाली. "आमच्या मागच्या रानात रोज एक कोंबडी बसते. होऊन जाऊ दे."

कोंबडी होती. पडलेल्या झाडावर, फोटोला बसल्यासारखी. ओरेस्टने दस्त्याला गाल लावला. तिथे लाकूड वडिलांच्या गालाने गुळगुळीत झालं होतं. त्याने चाप ओढला. काडतुसाची तापलेली पुंगळी बंदुकीच्या खालून निघून थेट त्याच्या बाहीत शिरली आणि तो जागच्या जागी नाचला. कोंबडीने मान वळवून ते पाहिलं. दुसरी गोळी झाडात गेली. तिसरी कुठे गेली ते कळलं नाही. मग कोंबडी खाली उतरली आणि चालत निघून गेली. उडायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही.

ओरेस्टने बंदूक खाली केली.

"त्याचंही असंच व्हायचं," मारुस्या म्हणाली. "रिकाम्या हाताने यायचा आणि म्हणायचा, खरी नळी ओरेस्टने अडकवून ठेवलीय, नाहीतर दाखवलं असतं."

ओरेस्टला हसू आलं, आणि हसता हसताच तो त्या पडलेल्या झाडावर बसून रडायला लागला. इतकी वर्षं दोघांनी खापर फोडायला एकमेकांना जपून ठेवलं होतं. आता बंदूक सबंध होती आणि खापर फोडायला कुणी उरलं नव्हतं.

नाक पुसून त्याने बंदूक पिरगाळून सुटी केली आणि दस्ता मारुस्याच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडेच राहू दे. म्हणजे पुढच्या मोसमात मला तुझ्या घरी यावंच लागेल."

मारुस्याने दस्ता टॉवेलात नीट गुंडाळला.

"यायला तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं, भावजी."