तिसऱ्या कडव्याला बिस्किटं जळतात

काकू गल्ल्यावर बसून सुनेला पावाची टोपली झटकायला शिकवत होत्या. टोपली झटकण्याची एक बरोबर पद्धत असते आणि ती फक्त काकूंना येते, हे सुनेने घरात आल्याआल्याच मान्य करून टाकलं होतं. मागे भट्टीपाशी काका रोजच्यासारखे गात होते. त्यांचं गाणं एकच. लग्न झाल्यापासून काकू तेच ऐकत आल्या होत्या, म्हणजे डोक्यावरचा पंखा ऐकावा तसं.

निळ्या खिडकीतल्या सखे ग, एकदा खाली पाहशील का,
वळणावरुनी वळून बघता, तशीच उभी तू राहशील का...

"आई, बाबांच्या या गाण्याचा अर्थ काय हो?" सुनेने विचारलं.

काकूंनी शाळा फारशी पाहिली नव्हती, पण 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. मैद्याचा भाव का चढला, शेजारच्यांची गाडी का बंद पडते, डॉक्टरांनी दिलेली गुलाबी गोळी कशावरची, सगळं त्या सांगत. त्यांनी सुनेला सुनावलं की अर्थ निवांतपणे सांगायची गोष्ट आहे, टोपली हातात घेऊन ऐकायची नव्हे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कान देऊन गाणं ऐकायला लागल्या. नेमकं पुढचं कडवं आलं.

गाव सुटले, वाट सुटली, सुटला नाही ध्यास तुझा,
परक्या दारी दिवा लाविता होतो मजला भास तुझा...

काका इथेच थांबत. पुढे कधी जात नसत. भट्टीचं लोखंडी दार करकरलं आणि बटर बिस्किटांचा वास दुकानभर पसरला. एरवी त्या वासाने काकूंचा जीव सुखावायचा. आज 'परक्या दारी' हे दोन शब्द त्यांच्या कानात अडकून बसले. कुणाचं दार परकं? रंग दिला कुणी त्या दाराला? बिजागऱ्यांना तेल घालतं कोण?

एवढ्यात मास्तर पाव न्यायला आले. मास्तरांनी जन्मभर शाळेत कविता शिकवली होती आणि निवृत्त झाल्यावर ते ती रस्त्यावर शिकवत. काकूंनी त्यांना विचारलं, पण विचारल्यासारखं नाही.

"मास्तर, सूनबाईला त्या गाण्याचा अर्थ सांगा जरा. मीच सांगितला असता, पण गिऱ्हाईक आहे."

दुकानात गिऱ्हाईक म्हणजे एकटे मास्तरच होते. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. डोळे मिटून त्यांनी आधी पावाचा वास घेतला आणि मग बोलायला लागले. फार जुनं, फार अभिजात गीत. नायकाचं पहिलं प्रेम त्या निळ्या खिडकीतच राहून गेलं. पुढे त्याने रीतसर संसार थाटला, पण तो परक्या दारी. दिवा इथे लावतो, मन तिथे. मागाहून आलेली बाई बिचारी वाती वळते आणि उजेड भलतीच्याच नावाने पडतो.

"याला म्हणतात दग्ध प्रेम," मास्तर म्हणाले.

"दग्ध म्हणजे?"

"जळालेलं."

"आमच्याकडे जळालेलं काही ठेवत नाहीत," असं म्हणून काकूंनी त्यांच्यापुढे पिशवी आदळली. जणू ते गाणं मास्तरांनीच लिहिलं होतं. मास्तर जाता जाता आठवण करून गेले की शाळेचा सुवर्णमहोत्सव शनिवारी आहे, सगळ्या पोरांना आणि पाहुण्यांना बटर बिस्किटं याच बेकरीची, शब्द त्यांनी टाकलाय. नाहीतर मुख्याध्यापक चौकातल्या त्या काचेच्या बेकरीकडे चालले होते.

दुपारी काकू माडीवर नणंदेकडे गेल्या. वन्सं मटार सोलत बसल्या होत्या. वन्संची एक खोड होती, विचाराल तेवढंच सांगायच्या, पुढचा शब्द फुकट द्यायच्या नाहीत. काकूंनी आडून आडून सुरुवात केली. लग्नाआधी हे परगावी एका बेकरीत कामाला होते ना? होते. समोर एखादं घरबिर होतं का? होतं. त्याला खिडकी?

"होती. निळी होती," वन्सं म्हणाल्या. "मी एकदा गेले होते ना त्याच्याकडे, या डोळ्यांनी पाहिलीय."

"आणि खिडकीत?"

"बाई असायची. दिवसभर."

काकू जिना उतरल्या त्या दर पायरीला एकेक जुनी गोष्ट जोडत. म्हणूनच हे कमी बोलतात. म्हणूनच साडी कशी आहे विचारलं की "चांगली आहे" म्हणतात, मान वर न करता. म्हणूनच बाहेरच्या खिडकीला कोणता रंग द्यायचा विचारल्यावर "तुला आवडेल तो" म्हणाले. माणसाच्या मनात आधीच एक खिडकी रंगवून ठेवलेली असली की दुसरीचं काय!

जेवताना त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून भट्टीवर गाणं बंद.

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

या 'बरं'चाच काकूंना जास्त राग आला. निर्दोष माणूस निदान 'का' म्हणून तरी विचारेल. वास्तविक काकांनी 'का' विचारणं लग्नानंतर थोड्याच दिवसांत सोडून दिलं होतं, आणि त्यामुळेच घर सुखात चाललं होतं. पण हे काकूंना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत कधी नव्हे ती शांतता होती. काकांनी बिस्किटांचा पहिला पत्रा आत सारला, दार लावलं, हात पुसले आणि उभे राहिले. उभेच राहिले. वास आला तेव्हा दार उघडलं, तर बिस्किटं बुटाच्या टाचांसारखी दिसत होती. पुढच्या पत्र्याला त्यांनी घाई केली, ती बिस्किटं बोटाला चिकटली. काका बिस्किटांकडे पाहायचे, स्वतःच्या हाताकडे पाहायचे. आयुष्यभर हा हात आपणहून उठत आला होता, आजच त्याला काय झालं ते त्यांनाही कळेना. गिऱ्हाइकं मात्र बोलायला लागली. कोपऱ्यावरच्या शिंपीदादांनी पुडा परत आणून दिला आणि नम्रपणे विचारलं, ही बिस्किटं खायची की शिवायची.

मुलाने घरातलं गजराचं घड्याळ आणून भट्टीपाशी ठेवलं. घड्याळ बिचारं इमानदार, पण भट्टी नव्हती ना तशी. लाकूड ओलं असलं की ती रुसायची, सुकं असलं की पेटायची, आणि घड्याळ आपलं दोन्हीकडे सारखंच टिकटिक करायचं. दोन दिवस कच्चं आणि काळं यांच्या मधलं काही बेकरीतून बाहेर पडलं नाही. शनिवार तर जवळ येत होता. चौकातल्या काचेच्या बेकरीवाल्याने मुख्याध्यापकांना चहाला बोलावल्याची बातमी मास्तरांनीच आणली, आणि आपला टाकलेला शब्द आपल्यालाच उचलून घ्यावा लागणार असं तोंड करून गेले.

कोडं सोडवलं ते सुनेने. तिला घरात येऊन थोडेच दिवस झालेले, त्यामुळे गाणं अजून तिच्या कानात शिरत होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पत्रा आत घातला की गाणं सुरू करायचात. 'भास तुझा' म्हटलं की दार उघडायचात. भट्टी थंड असली तर आलाप लांबवायचात आणि तापली असली की घाईने म्हणायचात. मी रोज ऐकत होते."

काका खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अरेच्चा! वस्ताद," ते म्हणाले. "परगावच्या बेकरीतल्या वस्तादांनी शिकवलं होतं. मी विसरूनच गेलो होतो की शिकलो म्हणून."

काकूंच्या पुढे मोठाच पेच पडला. गाण्याशिवाय बिस्किट नाही आणि गाणं म्हटलं की ती खिडकीतली बाई बेकरीत हजर. त्यांनी मधला मार्ग काढला. चाल ठेवायची, शब्द काढून टाकायचे. काकांनी 'ला ला ला' करत पत्रा आत घातला. पण शब्द गेल्यावर ध्रुवपद कोणतं नि कडवं कोणतं हे त्यांचं त्यांना कळेना. ते गोल गोल फिरत राहिले, आणि तिसऱ्या फेरीला भट्टीतून धूर निघाला.

मग काकूंनी पदर खोचला. शुक्रवारची दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, मास्तर तेवढे कोपऱ्यात ऑर्डरच्या काळजीने चहा पीत होते. वन्संना खाली बोलावलं. साक्षीदार हवा म्हणून.

"कोण होती ती?" काकूंनी विचारलं.

"कोण?" काका.

"खिडकीतली."

"कुठल्या खिडकीतली?"

"निळ्या. उगाच भोळेपणा नको. वन्संनी सगळं सांगितलंय मला. परगावी, बेकरीच्या समोर, दिवसभर उभी असायची."

काकांनी बराच विचार केला. मग बहिणीकडे पाहिलं. "ती दाताच्या डॉक्टरची आई होती ना गं?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "सत्तरीची असेल. मोतीबिंदू होता तिला, उजेडाला बसायची."

काकू सावकाश नणंदेकडे वळल्या. "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू वय विचारलंस कुठे?"

काकूंचा राग आता बसायला जागा शोधत होता. मोतीबिंदूवर तो बसेना. त्यांनी विचारलं, बरं, ती नाही तर नाही, पण परक्या दारी म्हणता ते कोणतं दार? हे? जिथे मी जन्म काढला ते?

हे विचारताना त्यांचा आवाज जरा हलला. तो हलला हे काकांना कळलं, आणि बहुधा पहिल्यांदाच त्यांनी भट्टीकडे पाठ केली.

"अगं, मी शब्दांकडे बघू की बिस्किटांकडे? वस्ताद म्हणाले, पत्रा आत गेला की हे सुरू कर, 'भास तुझा' आलं की बाहेर काढ. मी आजवर तेच केलं. त्यात कोण कुठे उभं आहे, मला काय ठाऊक."

"आणि पुढे? पुढे काय होतं त्या माणसाचं?"

"पुढे आहे म्हणे एक कडवं. पण ते म्हटलं की बिस्किटं जळतात, म्हणून वस्तादांनी शिकवलंच नाही."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चहात पाहू लागले. मग त्यांनी खाकरून कबूल केलं की हे गीत त्यांनी फक्त इथेच, पाव घेताना ऐकलेलं आहे. तेवढ्यात सुनेने मोबाईलवर जुनी तबकडी शोधून काढली. खरखर झाली, पेटी वाजली आणि कुणी एक बुवा गाऊ लागले. ध्रुवपद झालं, 'भास तुझा' झालं. सवयीने काकांचा हात भट्टीच्या दाराकडे गेला. मग बुवा कुणाच्याही बिस्किटांची पर्वा न करता पुढे गेले.

संपली वणवण, तीच खिडकी, केस रुपेरी झाले ग,
उशीर झाला, रागावू नको, पाय घराशी आले ग...

सुनेलाच राहवलं नाही. म्हणजे तो कामासाठी परगावी गेला होता, परकं दार ते तिथलं, आणि खिडकीतली ती त्याची बायकोच, असं ती हळूच म्हणाली.

"कळतंय मला," काकू म्हणाल्या. "परत लाव."

परत लावलं. 'रागावू नको'ला काकूंनी पदराने तोंड पुसलं, घाम नसताना. मग काकांना म्हणाल्या, "उद्या पूर्ण म्हणायचं."

"जळतील ना."

"पत्रे मी काढीन. तुम्ही म्हणत राहा."

शनिवारी पहाटेपासून भट्टी पेटली. काका गायचे, 'भास तुझा' आलं की काकू दार उघडून सोनेरी बिस्किटांचा पत्रा बाहेर ओढायच्या, आणि काका मोकळ्या हातांनी तिसरं कडवं म्हणायचे. नवीन होतं, त्यामुळे 'रुपेरी'पाशी अडखळायचे आणि अडखळले की बायकोच्या केसांकडे बघायचे, जणू शब्द तिथे लिहून ठेवलाय. मुलगा खोकी भरभरून शाळेत पोचवत होता. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे पुढच्या वर्षाचीही ऑर्डर दिली आणि मास्तरांचा शब्द पुन्हा जागेवर बसला.

शेवटचा पत्रा तेवढा राहिला होता. ऑर्डर पुरी झालेली, हा घरचा. 'भास तुझा' झालं, आणि काकू फडकं हातात धरून उभ्याच राहिल्या.

"आई, वास येतोय," सून म्हणाली.

"येऊ दे. गाणं चाललंय."

तो पत्रा काकूंनी विकायला ठेवला नाही. ती जळकी बिस्किटं डब्यात भरून घरच्यासाठी माडीवर नेली. सोमवारी एका नव्या गिऱ्हाइकाने काकांच्या गाण्याचा अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी पाव बांधता बांधता तो कडव्याकडव्याने सांगितला. वर हेही सांगितलं की सूनबाईने पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा त्या मुद्दामच थांबल्या होत्या. अर्धं गाणं ऐकून अर्थ सांगत सुटायची खोड काही लोकांना असते, त्यांना नाही. मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी निमूटपणे पावाचा वास घेतला.

दुकानाच्या बाहेरच्या खिडकीला आता निळा रंग आहे. कुणी विचारलंच तर काकू सांगतात की रंगवाल्याकडे तेवढाच एक डबा उरला होता.