उंबराखालचा अंपायर

एका जंगलात एक टिटवी होती, आणि तिला एक बातमी अर्धीच कळली होती. बाळांनो, पोटभर जेवण नसलं तरी झोप लागते. अर्ध्या बातमीवर लागत नाही.

झालं असं. अनशीकाकू, म्हणजे ही टिटवी, तळ्याच्या काठाने उगाच फिरत होती. झुडपामागे शहरी कोल्हा बगळ्याला सांगत होता, "या म्याचनंतर दगडूआबांना उंबराखालून हलवणार, कारण त्यांचा तो..."

तेवढ्यात म्हैस पाण्यात पडली. पुढचं सगळं त्या धबाक्यात गेलं.

दगडूआबा म्हणजे कासव. अनशीकाकूंचे शेजारी आणि जंगलाचे अंपायर. अंपायरकीबरोबर त्यांना उंबराखालचा ओला खडक मिळालेला. हा खडक भर चैत्रातही वाळत नाही. तिथून हलवलं की आबांनी जायचं कुठं? पलीकडच्या मुरमाड माळावर. आणि तिथं कासवाचं काय होतं, ते लहान मुलांना सांगत नाहीत.

काकू तडक आबांकडे गेल्या.

"आबा, तुमचा तो काय हो?"

"माझा कोण?" आबा घाबरले.

"तेच तर कळलं नाही मेलं!"

दुसऱ्या दिवशी सभेत कळलं, की तो म्हणजे उच्चार. कोल्हा एक अख्खा पावसाळा शहरातल्या मैदानामागे राहून आला होता. लोकांनी टाकलेले शेंगदाणे खाता खाता त्याचं इंग्रजी सुधारलं होतं.

"आपल्या जंगलात 'आउट' हा शब्द कसा म्हणतात? लाज वाटते मला," तो म्हणाला. "डोंगरावरची माकडं म्हणतात आऊऽट. नदीकाठच्या म्हशी म्हणतात आवट. माळावरचे ससे तर आट म्हणून मोकळे होतात. आणि अंपायर? अंपायर नुसतं 'आ' म्हणतात!"

हे खरं होतं. आबा 'आ' म्हणायचे आणि मान आत घ्यायचे. उरलेला शब्द कवचातच राहायचा. मग ज्याने त्याने आपापल्या गावचं शेपूट त्याला लावून घ्यायचं. इतकी वर्षं कुणाचं कुणाशी बिनसलं नव्हतं.

"आपल्या अंपायरला वर करायला बोट नाही," कोल्हा पुढे म्हणाला. "म्हणजे सगळा भार शब्दावर. तो तरी शुद्ध नको?"

म्हशीने विचारलं, "शुद्ध म्हणजे कसा?"

"ओठांचा चंबू करायचा."

म्हशीने करून पाहिला. शेजारी बसलेली दोन पिल्लं रडायला लागली.

अखेर पोपट नेमला. त्याला ओठ नव्हते, पण उच्चार स्वच्छ होता. आबांनी म्याच संपली की खडक सोडायचा, असंही ठरलं.

म्याचच्या दिवशी आबा खडकाच्या मागच्या अंगाला निरवानिरव करत बसले होते. कासवाला आवरायचं असं काय असतं? पण काकू सोबतीला गेल्या. शेजारधर्म असतो. शिवाय तिथून सगळं दिसत होतं.

ससे फळी घेऊन उभे. म्हशींचा चेंडू, म्हणजे चांगलं कडक बेलफळ, सशाच्या तिन्ही काटक्या घेऊन गेला.

"आउट!" पोपट म्हणाला. काय तो उच्चार! कोल्ह्याने डोळे मिटून घेतले.

ससा जागचा हलला नाही.

"जा की रं," म्हैस म्हणाली.

"कुठं जाऊ? आमच्यात आट असतं. हे काय म्हणतायत, ते त्यांनाच ठाऊक."

काटक्या पुन्हा रोवल्या. पुन्हा उडाल्या. पोपट पुन्हा म्हणाला. ससा पुन्हा उभाच. ऊन चढलं. म्हशींच्या पाठी तडकायला लागल्या. एक म्हैस खेळपट्टीवरच बसली. माकडांची पाळी यायची होती, ती झाडावरून खाली थुंकायला लागली. अशीच चार माणसं, नव्हे जनावरं, आणखी तापली असती तर त्या दिवशी खेळ मोडून फौजदारीच झाली असती.

शेवटी काटक्या उडाल्या तेव्हा सगळ्या म्हशी मिळून हंबरल्या. इतका वेळ गप्प बसलेल्या अनशीकाकूंनाही राहवलं नाही. त्या आबांच्या कानाशीच किंचाळल्या, "अगं बाई, गेऽऽला की गं!"

आबांची मान सर्रकन आत गेली.

सशाने ते पाहिलं. फळी काखेत मारली आणि मुकाट चालू लागला.

"अरे, कुठं निघालास?" कोल्हा ओरडला.

"आट झालो."

"पोपट मघापासून तेच सांगतोय ना?"

"तो बोलला," ससा म्हणाला. "आबांनी मान आत घेतली."

म्याच सुरळीत पार पडली.

संध्याकाळी पुन्हा सभा झाली. आबांना उंबराखालच्या जागेवरून हलवायचं, हे ठरल्याप्रमाणे कायम झालं. फक्त हलवून उंबराच्या मागे बसवायचं. खडक तोच, ओल तीच. पुढे पोपटाने शुद्ध बोलायचं, मागे आबांनी मान घ्यायची. भाषण पोपटाचंच झालं.

काकूंचा जीव भांड्यात पडला. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "आबा, शेवटच्या वेळी चेंडू काटक्यांना लागला होता ना हो?"

"कुठला चेंडू?" आबा म्हणाले.

निघालेल्या काकू परत फिरल्या.

"अगं अनशे, मी तरणा होतो तेव्हापासून मला ओरड्यानं दचकायला होतं. कुणी जोरात ओरडलं की मान आत जाते. चेंडू मी कधी पाहिलाच नाही गं."

काकूंनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. म्हणजे साळुंकीला सांगितली. पण तीही अर्धीच.

तात्पर्य : बाळांनो, परका शब्द अगदी शुद्ध उच्चारायला शिका. म्हणजे चेंडू कुठे लागला, हे कुणी बघायची गरज उरत नाही. तोवर जोरात ओरडलं तरी भागतं.