खिडकीतला काळोख

झोप ही काय चीज आहे ते मला विचारा. मी रातपाळीचा गिरणी कामगार, डिलाईल रोडच्या चाळीत भरदिवसा झोपणारा. एका साप्ताहिकात कुणा डॉक्टरसाहेबांचा लेख वाचला: झोपायची खोली वेगळी असावी, शांत असावी, काळोखी असावी. आमची खोली एकच. तिच्यात चूल, मोरी, आई, दोन पोरं आणि माझी वळकटी. हे डॉक्टरसाहेब असल्या खोलीत कधी दुपारचे आडवे झालेले नसणार! तरी म्हटलं, वेगळी नाही, शांत नाही, पण काळोख तर आपल्या हातात आहे. मशीनवर मला एकदा डुलकी लागली होती. पुन्हा लागली तर घरी बसवीन, असं आमच्या पाळीवरच्या मुकादमानं, दौलत जॉबरनं, बजावलं होतं.

शेवंतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मोडक्या छत्र्यांचं कापड उसवून भलामोठा पडदा शिवला. सकाळी कामावरून आल्या आल्या मी तो रस्त्याकडच्या खिडकीवर बाहेरून ठोकला. असा काळोख झाला की आई दिवा लावायला उठली. माझा डोळा लागतोय तोच दार वाजलं.

दारात गंगाधर, चाळ कमिटीचा सेक्रेटरी. मुंबईसकट महाराष्ट्र मागायच्या चळवळीचे ते दिवस. दिल्लीचा कुणी मंत्री त्या दिवशी आमच्या रस्त्यानं जायचा होता, आणि त्याला काळे झेंडे दाखवायचे कसे, यावर कमिटी अजून भांडतच होती.

"आनंदा," तो म्हणाला, "आम्ही नुसते बोलत बसलो. तू लावलास. तोही खिडकीएवढा!"

खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्याच्या मागे अख्खी गॅलरी उभी. दुपारपर्यंत खिडकीखिडकीत काळं लागलं. कमळाबाईंनी नवऱ्याचा लग्नातला कोट टांगला. सभा भरली माझ्याच खिडकीखाली, कर्णा बांधला माझ्याच गजांना. मंत्री दुसऱ्या रस्त्यानं निघून गेला. घोषणा मात्र दिवेलागणीपर्यंत चालल्या.

त्या पाळीला मी उभ्या उभ्या घोरलो. दौलतनं खांदा हलवला. संपलं, म्हटलं.

तो हळूच म्हणाला, "पड जरा. मी बघतो मशीन. चळवळीचा माणूस तू, झोपणार कधी?"

मी तिथंच आडवा झालो. पडदा राहिला. पोरं खिडकीखाली ओरडली की गंगाधर स्वतः त्यांना हाकलायचा. मी राजासारखा झोपू लागलो. ज्यांनी खरोखर लाठ्या खाल्ल्या, ते तुरुंगात उघड्या फरशीवर पडले होते. हे मला बोचायचं. पण बोचलेल्या माणसालाही झोप येते. शेवंती म्हणायची, "लोकं जागी झाली म्हणून तुम्हाला झोप मिळाली."

मग महाराष्ट्र राज्य झालं. गंगाधर शिडी घेऊन आला. आता काळं दिसलं तर लोक काय म्हणतील, म्हणाला. पडदा उतरला, त्या जागी दिव्यांची माळ चढली. मुंबई आपली झाली. आमची खोली होती तेवढीच राहिली, फक्त उजेड वाढला.

चार दिवसांनी मशीनवर डोळा लागला. दौलतनं खांदा हलवला, या वेळी जोरात.

"काय रे आनंदा? महाराष्ट्र मिळाला ना? मग आता झोप कसली?"