हार घातलेले त्रिंबकराव

त्रिंबकराव वारल्याची बातमी आली तेव्हा ते माझ्या ओट्यावर चहा पीत बसले होते आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होते. बातमी माझ्या सुनेच्या मोबाइलवर आली. हार घातलेला फोटो, पुढं समई आणि खाली ‘ज्येष्ठ रंगकर्मी त्रिंबकराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. सून एकदा फोटोकडं बघे, एकदा त्यांच्याकडं. त्यांनीच मोबाइल हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “ज्येष्ठ लिहिलंय, आक्का. बघा. जिवंतपणी कुणी लिहिलं नाय.”

फोटो खरा होता, हारही खरा होता. मेलेलं तेवढं कुणी नव्हतं.

हे गृहस्थ क्रांती चौकामागं, आमच्या गल्लीत, अगदी समोरच्या घरात एकटे राहतात. उभी हयात नट म्हणून गेली. नाटकात बाप, पाटील, नाहीतर न्यायाधीश. सिनेमात तीनदा फौजदार आणि एकदा प्रेत. प्रेताचं काम चांगलं झालं होतं. आता म्हातारपणी एका मालिकेत त्यांना भिंतीवर टांगलंय. नायिकेचा मेलेला सासरा. नुसता फोटो आणि हार. तोच कुणीतरी खरा समजून मोबाइलवर फिरवला होता. तरी रोज संध्याकाळी गल्ली ओलांडून येणार, “आक्का, टीव्ही लावा, माझा सीन आहे!” मध्यंतरी मालिकेतल्या लोकांनी घराला रंग दिला आणि फोटो चार दिवस दिसला नाही, तर यांना जेवण जाईना.

मी एकदा विचारलं, “त्यात तुम्ही करता काय, भाऊ?”

“नायिका रडते कुणाकडं बघून? सासू बोलते कुणाशी? प्रसंग उभा कोण करतं, आक्का?”

‘प्रसंग उभा राहिला पाहिजे’ हे त्यांचं कायमचं. नळाला आठवड्यानं पाणी आलं तरी हात वर करून गल्लीला सांगणार, आलं बरं का, आलं! बाया बादल्या भरून मोकळ्या होतात, यांचा प्रसंग उभाच असतो. तेवढ्यात पाणी जातं. मग माझ्याकडून हंडाभर मागून नेतात.

त्यांची एक गोष्ट मात्र हुकमी होती. बायको वारली त्या संध्याकाळी त्यांचा लासूर स्टेशनला प्रयोग होता. निरोप पोचला, तरी यांनी तोंडाला रंग लावला, शेवटपर्यंत काम केलं आणि मग घरी आले. तोवर पोरगा सुनील आईपाशी एकटा बसून होता. ही गोष्ट ते प्रत्येक सत्कारात सांगत आणि लोक टाळ्या वाजवत. बाई मेली म्हणून टाळ्या वाजलेल्या मी दुसरीकडं कुठं ऐकल्या नाहीत. अशाच एका सत्काराला सुनील पहिल्या रांगेत होता. टाळ्या सुरू झाल्या तसा उठून गेला. शेंद्र्याला कंपनीत आहे, तिथंच खोली घेतली. मोटरसायकलनं अर्ध्या तासाचा रस्ता, पण बापाचं तोंड बघायला आला नाही.

तर त्या दिवशी मी म्हटलं, “भाऊ, लोकांना कळवा, जिवंत आहे म्हणून.”

“थांबा हो,” म्हणाले आणि स्वतःचा मोबाइल बंद करून खिशात टाकला. “बघू तरी, कोण कोण येतं.” सुनेला कुणाशी बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि माझ्या घरात शिरून खिडकीच्या पडद्यामागं ठाण मांडलं. समोर त्यांचंच कुलूप घातलेलं दार.

पहिला फुलवाला रशीद आला. समोर कुलूप बघून किल्ली विचारायला माझ्याकडं शिरला, तो हे दिसले.

“या अल्लाह! चाचा, आप तो गुजर गए ना?”

“गुजर गया, रशीद. हार दिखा.” हार हातात घेऊन उलटासुलटा केला. “शेवंती? गुलाब नहीं मिला?”

रशीद हार तिथंच टाकून पळाला.

मग नाट्यमंडळाचे अध्यक्ष आले, बरोबर दोघं जण. कुलपासमोर उभं राहून शोकसभेला कुणाला बोलवायचं यावर तिघांचं वाजलं, दारापुढं एक फोटो काढला आणि गेले. त्रिंबकराव स्पर्धेला परीक्षक बसावा तसे बघत होते. “आवाजात ओल नाय. प्रसंग पाडला गाढवांनी.”

मग मध्येच म्हणाले, “आक्का, शेंद्र्याला मोबाइलची रेंज असते का हो?”

“असंल की. एवढे कारखाने चालतात तिथं.”

“आज त्याची पहिली पाळी असंल. पाळीत मोबाइल बघू देत नसतील.”

मी म्हटलं, “नाय यायचा तो. कशाला यावं त्यानं?” मला गोड बोलता येत नाही. ते खिडकीतून हलले नाहीत.

दुपारी सुनील आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट. गाडी स्टँडला लावायचंही सुचलं नाही, तशीच आडवी टाकली. दाराला कुलूप समोर दिसत होतं, तरी तो दार बडवायला लागला. “बापू! बापू, दार उघडा!” कुलूप खडखडत होतं, आणि हा बडवतोच आहे.

आता हे याला किती मार्क देतात ते ऐकावं म्हणून मी वळून बघितलं. त्रिंबकराव पडदा मुठीत आवळून बसले होते.

“जा की आता.”

“काय म्हणू, आक्का?”

“मेलो नाय म्हणा. आणखी काय?”

गेले. पायात चप्पलसुद्धा नव्हती. सुनीलनं वळून बघितलं आणि बघतच राहिला.

“कुठं होतात?”

“समोर. आक्काकडं.”

“फोन?”

“बंद केला होता.”

“का?”

एरवी या माणसाला थांबवावं लागतं. “तू येतो का... ते बघत होतो,” एवढंच बोलले, तेही तोंडातल्या तोंडात.

सुनीलनं त्यांच्या सदऱ्याची गच्ची धरली. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते. पण गच्ची न सोडता तो पायरीवर बसला, आणि म्हाताऱ्यालाही त्याच्याबरोबर बसावं लागलं.

आता सुनील रविवारी येतो. बायकोची ती गोष्ट त्रिंबकराव आता कुठं सांगत नाहीत. त्याऐवजी आपण कसे वारलो ते सांगतात, आणि लोक टाळ्या देतात. देऊ देत. ते त्या दिवशी माझ्या खिडकीत सुखरूप होते. शेंद्र्यापासून इथवर बाप मेलाय असं समजून गाडी चालवत आला, तो सुनील.