झिपरू आबा आणि संगणकाचा करार

लग्नाच्या मांडवात हातात पत्रिका घेऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. झिपरू आबा. मुहूर्त टळला की ते उठत, नवरदेवाच्या बापाजवळ जात आणि पत्रिकेवर बोट ठेवून विचारत, "अठे साडेअकरा लिखेल शे. आते किती वाजनात?"

धुळ्यात आमच्या गल्लीत ते एकटेच राहायचे. मूळचे शिरपूरकडचे, एस.टी.तून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. मिक्सर कोणाच्याही घरी येवो, गॅरंटीचा कागद आधी आबा मागणार. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न, "कागद कोठे शे?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो तिथे दहा संगणक आले. संस्थेनं एका कंपनीशी करार केला होता. खोलीला पडदे, खाली गालिचा, दाराला मोठं कुलूप. पाहुणे आले की कुलूप निघे. तेव्हा मुलांनी चपला काढून दारातून बघायचं आणि पुढे सरकायचं, देवदर्शनासारखं. सहा महिने झाले तरी एकाही पोराचं बोट त्या यंत्राला लागलं नव्हतं.

पालकसभेत संस्थेचे सचिव म्हणाले, "एकविसावं शतक आपल्या शाळेत आलं आहे!" मागच्या रांगेतून आवाज आला, "कागद कोठे शे?"

सभा हसली. सचिवांनी विचारलं, "आबा, तुमचं कोण शिकतं इथं?"

"बठ्ठा पोरे मनाच शेतस." सगळीच पोरं त्यांची!

"करार हा संस्थेचा खासगी कागद आहे."

"शाळा गावनी, पोरे गावना, आन कागद खासगी?"

दुसऱ्या दिवसापासून आबा जेवणाचा डबा घेऊन मुख्याध्यापकांच्या दारासमोरच्या बाकावर बसू लागले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. साहेब आत गेले की नमस्कार, बाहेर आले की नमस्कार. नवव्या दिवशी साहेबांनी हात टेकले. मला बोलावून म्हणाले, "करार इंग्रजीत आहे. यांना वाचून सांगा. पण इथंच. कागद बाहेर जाता कामा नये."

मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, आणि सचिवांचा राग सगळ्या स्टाफला ठाऊक होता.

मी एकेक कलम मराठीत सांगू लागलो. आबा डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या कलमाशी मीच अडखळलो. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एक तास यंत्रावर बसवायचं, शिकवायला कंपनीनं माणूस द्यायचा, बिघाड आठ दिवसांत दुरुस्त करायचा. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सही माझीच आहे," ते हळूच म्हणाले. "वाचायला वेळ कुठं होता?"

आबा एवढंच म्हणाले, "फिरीसन वाच." मी पुन्हा पहिल्या कलमापासून वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या फळ्यावर, जिथे एरवी दहाव्या-तेराव्याच्या सूचना असायच्या, तिथे आबांच्या ठसठशीत अक्षरात कलम पहिलं. पुढच्या सकाळी दुसरं. चौथं आलं त्या दिवशी फळ्यासमोर सायकलींची गर्दी झाली.

सचिवांनी मला उभं केलं. "कागद बाहेर गेला कसा?"

माझ्या मागोमाग आबा आत आले होते. "कागद कपाटमा शे, भाऊ. डोकं बाहेर गयं."

आता कुलुपाशी रोज पालक उभे राहू लागले. महिन्याभरात कंपनीचा शिक्षक आला. मला कायम व्हायला मात्र आणखी एक वर्ष लागलं.

पहिला तास सातवीच्या मुलींचा होता. आबा दारात उभे होते. मी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. संगणकाच्या काळ्या पडद्यावर स्वतःचं नाव उमटलेलं बघून एक मुलगी धावतच आली. "आबा, तुमचं नाव लिहू?"

"मनं नको. सुमन लिख."

तिनं एकेक अक्षर शोधून लिहिलं. हिरवी इंग्रजी अक्षरं. आबांना ती वाचता येत नव्हती, तरी ते बघत राहिले.

"सुमन कोण, आबा?" मी विचारलं.

"मनी पोर. सुरतले दिधी. सातवीमा शाळातून काढी मी तिले. पहिला नंबर व्हता तिना. चार दिन जेवनी नही."

घंटा झाली. पुढच्या तुकडीच्या मुली चपला काढून दाराशी उभ्या होत्या. पडद्यावरचं नाव तसंच होतं. ते पुसावं की नाही, हे न कळून ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"पुसाले सांग, सर," आबा म्हणाले. "ह्या पोरीस्ना तास शे."