शीव नसलेल्या गावातला रोग

विषाणू कसा असतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती! उदगीरच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, शिवाय एका वर्षाच्या मुलीची आई. आमच्या रूपाच्या तोंडात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर काय काय बसलेलं आहे ते मला भर उन्हात दिसतं. त्यामुळे हैदराबादेहून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी ऐटीत म्हणाले, "एका दुपारचं काम आहे. द्या पाठवून."

आमचे हे, म्हणजे मल्लेश, तिकडे एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत होते. कॉलेजच्या मुलांसाठी ते एक प्रोग्राम बनवत होते. पडद्यावर हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका एक जीव. तो खातो, फिरतो, त्याला पिल्लं होतात, पिल्लू आईबापापेक्षा किंचित वेगळं निघतं, आणि पिढ्यांमागून पिढ्या जाता जाता सगळी जातच आपोआप बदलते. सगळं होतं, फक्त रोग नव्हता. त्याचे नियम मी ठरवायचे. मालक चनमल्लप्पा सरांची अट एकच: शंभर पिढ्यांनंतर जीवही उरले पाहिजेत आणि रोगही. शुक्रवारपर्यंत जमलं तर मला घरबसल्या कायमचं काम. लग्न होऊन राजेश्वर गावी आल्यापासून मी रूपाचं पाणी उकळण्यापलीकडे विज्ञानाचं काही केलं नव्हतं. मला ते काम हवं होतं. फार हवं होतं.

तुरीच्या पोत्यांमधे जागा करून कॉम्प्युटर मांडला आणि पहिला विषाणू सोडला. पण आईचं काळीज! तो मी इतका सोज्वळ केला होता की कुणाला शिवायलाही लाजत होता. पाच मिनिटांत एकटाच विरून गेला.

मग मी चिडले. किती पसरावं, किती झपाट्यानं मारावं, असे सगळे आकडे चढवले आणि रूपाची वाटी उकळत्या पाण्यात टाकायला गेले. परत येते तो पडदा काळा! चारशे जीव गेले, आणि लागायला कुणी उरलं नाही म्हणून रोगही गेला.

मागे आत्याबाई उभ्या होत्या, माझ्या सासूबाई, अंबुबाई. रूपा कडेवर. त्यांचं बालपण मंठाळच्या रानात मेंढरांमागे गेलेलं.

"कामून मारायलीस गं त्यांना?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते मेंढपाळाच्या हिशेबानं ऐकलं आणि म्हणाल्या, "मेंढरांत देवीची साथ आली की आमी दुखणाईत मेंढरं शिवंपल्याड न्हिऊन बसवायचो. तुझ्या ह्या गावाला शीव हाय का न्हाई?"

मला पटलं. आकडे थोडे उतरवले आणि नवा नियम लिहिला: जो आजारी पडेल त्यानं लाल व्हावं आणि उजवीकडे चालत सुटावं. निरोगी ठिपके डावीकडे चरत राहिले आणि लाल ठिपके शाळेतल्या मुलांसारखे रांगेनं उजव्या कडेकडे निघाले. काही वाटेतच मेले. बाकीचे कडेपल्याड दिसेनासे झाले. मला इतका अभिमान वाटला की मल्लेशना फोन लावायला मी हातही पुसले.

तेवढ्यात ते सगळे डाव्या कडेनं आत आले!

भर कळपात! फोनवर मल्लेश शांतपणे म्हणाले, या जगाला कड नाहीच, उजवीकडून गेलेला डावीकडून येतो, सांगायचं राहिलं. इकडे माझे आजारी ठिपके घरोघरी लग्नाची अक्षत द्यावी तसा रोग वाटत साऱ्या जगाला फेऱ्या घालत होते. दोनशे उरले, नव्वद, तीस. गेलं माझं काम! मी बंद करायला हात पुढे केला, तर आत्याबाईंनी मनगट धरलं.

"थांब. त्यो बघ."

अकरा उरले होते. अकराही लाल. आणि मरत नव्हते! खात होते, फिरत होते. त्यांची पिल्लं लाल निघाली आणि तीही टुणटुणीत.

मी आकडे पाहिले आणि अंगावर काटा आला. पुस्तकात असतं म्हणून विषाणूलाही पिढीगणिक किंचित बदलायची मुभा मी ठेवली होती. जो घाईनं मारायचा, तो आपल्या यजमानाबरोबर वाटेतच संपायचा. जो यजमानाला चालू द्यायचा, तोच पूर्ण फेरी मारून कळपात पोचायचा. फेरीफेरीला रोग निवत गेला होता. दया मी कुठेच लिहिली नव्हती. कुणीच लिहिली नव्हती. त्या बिचाऱ्या आकड्यांना तर ती कळतही नव्हती!

आत्याबाईंनी पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला. शंभरावी पिढी गेली, दीडशेवी गेली. रूपा तुरीच्या पोत्याचा कोपरा चोखत होती, ते मला दिसलं, आणि तरीही मी आधी दोनशेवी पिढी पाहिली, मग तिला उचललं.

शुक्रवारी चनमल्लप्पा सरांचाच फोन आला. खूश होते. आजाऱ्यांना कडेला धाडायचं कुणाला सुचलं, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलवेना. "सासूबाईंना सुचलं," मी म्हणाले. सर म्हणाले, त्यांना द्या फोन. आणि काम थेट त्यांनाच देऊ केलं!

आत्याबाईंनी जरा विचार केला.

"मला कुठला येळ साहेब? लेकरू हाय, म्हस हाय, रान हाय. आमच्या सुनंला घ्या की. रिकामीच असती, दिसभर ठिपके बघत बसती."

असं मला काम मिळालं. रिकामटेकडी असल्याच्या शिफारशीवर!